उस्ताची गाडी वाकत नाही

कोचकोर गावात कुणी बेशेनाली वेल्डरचं घर विचारलं, तर लोक आधी विचारणाऱ्याच्या गाडीकडे बघायचे. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, पुढची काच कोपऱ्यातून आपोआप तडकली आहे, असं काही दिसलं की मान हलवून म्हणायचे, "हां, तुम्हाला उस्ताच हवा." मग बाजार संपल्यावर पॉप्लरच्या रांगेच्या टोकाला जे निळं फाटक आहे ते दाखवायचे. बेशेनाली हे नाव फक्त त्याच्या पासपोर्टात उरलं होतं. बाकी सगळ्यांना तो उस्ता, म्हणजे कसबी कारागीर.

आमचा रस्ता ज्याने पाहिलाय त्याला लोक उस्ताकडे का जायचे ते सांगायला नको. सरकारला विचारलं तर रस्ता आहे. ड्रायव्हरला विचारलं तर तो थुंकतो. जर्मनीत तीन-चार मालक करून दमलेल्या गाड्या आमच्याकडे येतात आणि इथे त्यांची खरी नोकरी सुरू होते. आत माणसं कोंबलेली, डिकीत पिठाची पोती, टपावर पाय बांधलेला मेंढा, आणि समोर दोलोनचा घाट. एक चाक खड्ड्यात गेलं की पलीकडचं दार आपणहून उघडतं. दोन हिवाळ्यांत सगळी गाडी जुन्या खाटेसारखी कुरकुरायला लागते.

उस्ता वेल्डर झाला तो सामूहिक शेतीच्या शेडमध्ये, ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं जोडता जोडता. ती शेती गुंडाळली गेली तेव्हा जो तो वाटणीला पळाला. कुणी मेंढ्या नेल्या, कुणी घोडी, एकाने तर गोठ्याचं छप्पर उचलून नेलं. उस्ता शेवटी पोचला आणि हातगाडीवर वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर घालून घरी आला. त्याची बायको अनारकुल फाटकातच उभी होती. "लोकांच्या वाटणीला आलं ते वितं," ती म्हणाली, "आपल्या वाटणीला आलं ते नुसतं गुरगुरतं." पुढे त्याच गुरगुरण्यावर मुलींची लग्नं झाली, नातवंडांचे पाळणे हलले, पण हे वाक्य काही तिने सोडलं नाही.

ट्रॅक्टरच्या दुनियेत एकच कायदा असतो: वाकलं ते वाईट. उस्ताने तोच कायदा गाड्यांना लावला. कारखान्यात पत्र्याला जिथे जिथे टाके मारलेले असतात, त्यांच्या मधल्या जागाही तो वेल्डिंगने सांधून टाकायचा. पुढच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यांना जोडणारा आडवा दांडा बसवायचा. तळाला दोन्ही बाजूंनी अँगल ओढायचा. हे काम चोख होतं, यात वाद नाही. त्याच्या हातून गेलेल्या गाडीचं दार एका बोटाने लागायचं, आणि घाटात वळण घेताना गाडी लचकत नसे.

चुकत होतं ते पुढे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी बंपरपर्यंत येणारे पत्र्याचे दोन पोकळ दांडे असतात. त्या दांड्यांना कारखान्यातच आडव्या खाचा पाडलेल्या असतात. उस्ताला त्या खाचांचा राग यायचा. शिकलेसवरलेले लोक ऐन दांड्यालाच खाचा पाडतात म्हणजे काय? एक तर पत्रा वाचवत असणार, नाहीतर त्यांना आमचा रस्ता माहीत नाही. तो दांड्याच्या आत जाड लोखंडी चॅनेल घालायचा, खाचा भरून काढायचा, आणि वरून ग्राइंडर असा फिरवायचा की हात फिरवूनही सांधा कळू नये. मोडेन पण वाकणार नाही असं माणसं नुसतं म्हणतात, उस्ताने ते गाड्यांना शिकवलं. टॅक्सीच्या अड्ड्यावर ड्रायव्हर बंपरला लाथ मारून सांगायचे, "उस्ताची गाडी वाकत नाही." पुढे पुढे हे वाक्य हट्टी सासवांबद्दलही वापरायला लागले.

एका वर्षी उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा सायराकान आपा फाटकातून आत आली. मागून तिचा मुलगा उलारबेक, तोंड पाडून, गाडी ढकलल्यासारखी हळू चालवत. उलार कोचकोर ते नारिन शेअर टॅक्सी चालवायचा. त्याचा बाप कोळशाच्या ट्रकवर होता. खाणीच्या रस्त्यावर ट्रक दरडीवर आदळला, केबिन चेमटली, आणि त्याला बाहेर काढायला पत्रा कापावा लागला होता. तो पत्रा कापायलाही उस्तालाच बोलावलं होतं. त्याबद्दल आपा कधी बोलायची नाही, आणि उस्ताही नाही.

"उस्ता, ह्याची गाडी बघा," आपा म्हणाली.

"काय झालंय आपा?"

"काही झालं नाही. व्हायच्या आधी आणलीय."

"बाइके, तुम्ही तरी सांगा हिला," उलार खिडकीतून उस्ताला म्हणाला; वडीलधाऱ्याला आमच्याकडे बाइके म्हणतात. "दारं लागतायत, काच धड आहे. उगाच लोखंड कोंबायचं, गाडी जड करायची, आणि पेट्रोल मी भरत बसायचं."

"तू गप. तुझा बापही हेच म्हणायचा." मग ती उस्ताकडे वळली. "बाजूचं, तळाचं, तुम्हाला वाटेल ते करा. पण पुढचं असं करा, की डोंगर आला तर डोंगराने बाजूला व्हावं."

उस्ता हसला. "डोंगराचं मी सांगत नाही आपा. पण गाडी वाकणार नाही."

अंगणात एक जुना टायर पडला होता. आपाने त्यावरची धूळ झटकली आणि टकळी काढून लोकर कातत बसली. काम होईपर्यंत हलली नाही. दुपारी अनारकुलने चहा दिला तोही तिथेच प्यायली. बाई समोर बसून बघते आहे म्हटल्यावर हात आखडता घेणं उस्ताला बरं दिसेना. नेहमीचं चॅनेल बाजूला ठेवून त्याने ट्रॅक्टरच्या फाळाखालचं जाड चॅनेल काढलं आणि दोन्ही दांड्यांत ते घातलं. संध्याकाळी आपाने तळवे उघडून त्याच्या घराला दुवा दिला, उलारच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि दोघं गेले.

थंडीच्या सुरुवातीला, उंचावरच्या कुरणांवरून घोडे खाली उतरतात त्या दिवसांत, उलार नारिनला प्रवासी सोडून रिकामा परत येत होता. दोलोनच्या एका वळणावर घोड्यांचा कळप आडवा आला. रस्त्यावर पातळ बर्फ होतं. उलारने घोडे चुकवले, पण गाडी घसरत जाऊन कडेच्या खडकावर समोरून बसली. वेग काही फार नव्हता. थोड्या वेळाने मागून नारिनचा एक माणूस आला. गाडी तीच, त्याच बनावटीची, रंगही जवळजवळ तोच, फक्त उस्ताच्या फाटकातून कधी आत न गेलेली. उलारची गाडी बघून त्याने ब्रेक दाबला आणि त्याच बर्फावरून घसरत त्याच खडकावर, उलारच्या शेजारी येऊन आदळला.

नारिनवाल्याच्या गाडीचं पुढचं सगळं गेलं. त्याने दार उघडलं, नाकातलं रक्त बर्फाने पुसलं, आणि चालत जाऊन उलारला बाहेर काढलं. उलारच्या गाडीचे फक्त दिवे फुटले होते. त्याने पट्टा लावलेला होता, आईची तशी शपथच होती. तरी त्याच्या उजव्या खुब्याचं हाड आतल्या आत फुटलं होतं. त्याला बिश्केकला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि दोन्ही गाड्या ओढून उस्ताच्या अंगणात आणून टाकल्या.

मग जी जत्रा लागली ती विचारू नका. अड्ड्यावरचे ड्रायव्हर, त्यांचे मेव्हणे, भाजी घ्यायला निघालेल्या बायका, सगळे फाटकातून आत येऊन दोन गाड्यांच्या मध्ये उभे राहायचे. तालासबाय नावाचा एक ड्रायव्हर आहे. त्याची जीभ इंजिन बंद केल्यावरही चालू असते. त्याने तर गाईडचं कामच पत्करलं.

"या, या, लांबून नको, हात लावून बघा. ही उस्ताची, ही पोरकी. एकच आई, एकच खडक. एक लग्नाला निघालीय आणि एक मयताहून आलीय." मग उलारच्या बोनेटवर थाप मारून म्हणायचा, "गाडी ठणठणीत आहे. फक्त ड्रायव्हर बदलायचा."

लोक हसायचे. त्यात वाईट मनाचं कुणी नव्हतं. उलार वाचला हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो वाचला तो उस्तामुळे, हेही सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

उस्ता मात्र पहिल्या दिवसापासून गप्प होता. नारिनवाला आपल्या गाडीतलं सामान न्यायला आला, नाक सुजलेलं, पण बाकी तरतरीत. उघड्या दारापाशी उकिडवा बसून त्याने सीटखालून आपली टोपी शोधून काढली, गुडघे झटकत उठला आणि विचारलं, "तो पोरगा कसा आहे हो?" उस्ता त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. दाराला तर काही झालंच नव्हतं. तो माणूस ते दार उघडूनच बाहेर आला होता.

तो गेल्यावर उस्ता त्या गाडीखाली सरकला. पुढचे दोन्ही दांडे खाचांवर बरोबर दुमडले होते, एका घडीवर दुसरी घडी, अनारकुल सकाळी रजया रचते तशा. शेवटच्या घडीच्या मागे सगळं सरळ होतं. पाय ठेवायची जागा सरळ, सीट जागच्या जागी. मग तो उलारच्या गाडीखाली गेला. त्याचे दांडे पट्टीने आखल्यासारखे ताठ होते. वेल्डिंगला एक केसाएवढीही चीर नव्हती. आत डोकावला तर सीटचे बोल्ट तळाच्या पत्र्यातून उपटून निघाले होते आणि स्टिअरिंग छातीच्या आकारात आत वळलं होतं. डॅशबोर्डाला स्टिअरिंगच्या उजवीकडे, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या उंचीवर, एक खड्डा होता.

त्या खाचा दुमडायसाठीच पाडल्या होत्या. एखादा शिंपी जशी कापडाला आधी चूण पाडून ठेवतो, तशा. एवढी वर्षं तो त्या बुजवत होता, वरून ग्राइंडर फिरवून शाबासकी घेत होता. त्याच्या गाडीने काही म्हणजे काही सोसलं नव्हतं, आणि मग ते कुणी सोसलं हे विचारायची गरज नव्हती. पोराला मी मोडलं, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं. बाप गेला त्या केबिनचा पत्रा मी कापला, आणि मुलाच्या गाडीत ट्रॅक्टरचं लोखंड मी घातलं.

त्याने उलारच्या गाडीवर ताडपत्री टाकली. तालासबायने ती दुसऱ्या दिवशी काढून घडी करून ठेवली. "झाकताय कशाला उस्ता? अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही."

आणि जाहिरातीने आपलं काम केलं. जुमगालहून, चायेकहून गाड्या येऊन फाटकाबाहेर उभ्या राहायला लागल्या. "उलारसारखं पुढचं करून द्या," एवढंच मागणं. उस्ताने आधी ट्रान्सफॉर्मर जळाल्याचं सांगितलं. मग डोळ्यात ठिणगी गेल्याचं सांगितलं. मग कंबर धरली. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे एकालाच दोन कारणं सांगून बसायचा.

"अहो, तुम्हाला झालंय तरी काय?" अनारकुलने विचारलं. "जेवत नाही, काम घेत नाही. लोक दारात उभे आहेत आणि तुम्ही पाहुण्यांपासून लपणाऱ्या नव्या सुनेसारखे मागच्या खोलीत."

"काही नाही."

"काही नाही कसं? दृष्ट लागलीय. सगळं गाव येऊन वाहवा करून गेलं, लागणार नाही तर काय." तिने तव्यावर आर्चा झुडपाची वाळकी फांदी पेटवली आणि तो धूर त्याच्या डोक्याभोवती, हातांभोवती फिरवला. हातांभोवती जरा जास्तच वेळ. उस्ता डोळे मिटून बसून राहिला. धुराने निघून जाईल असं ते काही नव्हतं.

भर हिवाळ्यात उलारला घरी आणलं. हाड जुळलं होतं, पण वाकडं. एक पाय आखूड पडला होता आणि तो आता लांब होणार नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सायराकान आपाने ते ऐकलं आणि मेंढा कापला. मुलगा जिवंत घरी आला, देवाला कुदायी द्यायला नको? आमच्याकडे मोठ्या संकटातून सुटल्यावर असं जेवण घालतात, ओळखीचे-अनोळखी सगळे येतात. आपा स्वतः उस्ताला बोलवायला आली. नाही म्हणायला त्याला कारण सापडेना.

त्याला दाराच्या बरोबर समोर बसवलं, मौलवीच्या शेजारी, मानाच्या जागी. खाली मान घालून तो बोर्सोकचे, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचे, तुकडे करत राहिला. उलार भिंतीला टेकून, पाय पुढे पसरून बसला होता, कुबड्या मागे. मांसाचं ताट आलं आणि उलारच्या मामाने हाडं वाटायला घेतली. कुणाला कुठलं हाड द्यायचं ते आमच्याकडे वयाने आणि मानाने ठरलेलं असतं, त्यात चूक झाली तर वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. सगळ्यात मोठा मान जांबाशचा, म्हणजे खुब्याच्या हाडाचा. तो घरातल्या सगळ्यात थोर पाहुण्याला जातो.

मामाने जांबाश उचललं, मौलवीने मान डोलवली, आणि ते उस्ताच्या पुढ्यात आलं.

उस्ता त्या हाडाकडे बघत राहिला. वाफ निघत होती. गोल खोबणी, तिच्यात बसलेला मांडीच्या हाडाचा गोळा, सगळं जागच्या जागी, धड. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, गुडघ्यांवर सरकत गेला आणि उलारच्या पुढ्यात ठेवलं.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "हे ह्याचं आहे. ह्याचं ते मी..."

"बघा, बघा!" तालासबाय खालच्या रांगेतून म्हणाला. "ह्याला म्हणतात मोठेपणा. आमच्यासारख्याने हाडासकट ताट गिळलं असतं."

सगळीकडून कौतुकाचा हुंकार आला. उस्ताने पुन्हा तोंड उघडलं, "तसं नाही, ऐका माझं, ती गाडी..." तोवर सायराकान आपा दारातून पुढे आली होती. डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"मीच बसले होते त्या टायरवर," ती सगळ्यांना सांगायला लागली. "हा माझा शहाणा नको म्हणत होता. मी म्हटलं, ह्याचा बाप पत्र्यात चेमटून गेला, हा नाही जायचा. दिवसभर बसले होते. उठले असते, ऐकलं असतं ह्याचं, तर आज हे जेवण कुठल्या कारणाचं असतं? देवाने मला बसवलं तिथे. आणि ह्या माणसाच्या हाताने वाचवलं."

मौलवीने तळवे उघडले. चाळीसभर तळवे त्याच्यामागे उघडले. उस्तानेही तळवे उघडले.

चहाच्या वेळी तो बाहेर आला. अंगणात चहाच्या पाण्याचा समोवार धुमसत होता. भिंतीला लागून बाक होता, तिथे ऊन होतं आणि उलार बसला होता.

"बाइके, बसा."

उस्ता बसला.

"तो नारिनचा माणूस मला भेटायला आला होता दवाखान्यात. सफरचंदं घेऊन. भला माणूस. खाटेच्या ह्या बाजूने आला, त्या बाजूने गेला, खिडकी उघडली, पुन्हा लावली. मी त्याच्या पायांकडेच बघत होतो." उलारने कुबडीने बर्फात एक रेघ ओढली. "माझ्यापेक्षा तो जोरात होता, त्यानेच सांगितलं. गाडी तीच, खडक तोच. पडल्या पडल्या माणसाला विचार करायला वेळच वेळ असतो. खरं सांगा. ते लोखंड नसतं, तर मी चाललो असतो?"

उस्ताला पळवाटा दिसत होत्या. बर्फ होतं, नशीब होतं, देवाची मर्जी होती. कोचकोरात या तिन्हींवर सगळं निभावून जातं.

"चालला असतास," तो म्हणाला.

समोवारात कोळसा घालायला कुणीतरी आलं आणि गेलं.

"ही कुबडी तुमच्या डोक्यात घालावीशी वाटतेय," शेवटी उलार म्हणाला. "पण घातली तर मी पडेन, आणि उचलायला परत तुम्हीच."

दोघांपैकी कुणी हसलं नाही.

"मला माहीत नव्हतं, उलार."

"ते कळतंय मला. नाहीतर शेजारी बसवलं नसतं."

"मी आत जाऊन सांगतो. सगळ्यांसमोर. मघाशी सांगत होतो, कुणी ऐकलं नाही."

"नाही," उलार म्हणाला. आवाज चढला नाही, पण त्याने उस्ताचं मनगट धरलं. "ऐकलं ना आत काय म्हणाली ती? मी नको म्हणत होतो आणि तिने आणलं. तिने दिवसभर बसून करून घेतलं. तुम्ही सांगाल आणि मोकळे व्हाल. ती कुठे जाऊन मोकळी होणार?"

हे उस्ताच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढे दिवस कधी एकदा सांगून टाकतो असं त्याला झालं होतं, आणि ज्याला सांगायचं तोच तोंड बंद करत होता.

"आणि बाकीच्या गाड्या?" त्याने विचारलं. "अर्ध्या अड्ड्याच्या गाड्यांत ते आहे."

"त्या कापा. काय वाटेल ते कारण द्या. तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे."

"आईला कळता कामा नये, एवढंच."

उस्ता कामाला लागला. ट्रान्सफॉर्मर आपोआप बरा झाला, डोळाही. अड्ड्यावर जाऊन त्याने सांगितलं की पुढच्या दांड्यांत घातलेलं लोखंड कुजकं निघालं, एकेकाने गाडी आणा, फुकट काढून देतो. तळाचे अँगल, वरचा आडवा दांडा त्याने राहू दिला, ते चांगलं होतं. पुढचं चॅनेल मात्र कापून काढायचा, आणि जिथे दांडा खराब झाला असेल तिथे भंगारातून खाचांसकट दुसरा आणून बसवायचा. आपलीच वेल्डिंग कापताना त्याला कळत होतं की किती चांगली केली होती. कटरची चकती झिजायची आणि सांधा सुटायचा नाही.

लोक बोलायचं ते बोललेच. "उस्ता म्हातारा झाला." "डोळ्यात ठिणगी गेली ती डोक्यात उतरली." "आधी जोडायचे पैसे, आता तोडायचं पुण्य." जुमगालच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. तालासबाय तर गाडी द्यायलाच तयार होईना. "कुजकं लोखंड? उस्ता, मी ते स्वतः डोळ्यांनी पाहिलंय, तोफ बनेल त्याची. माझी वाकत नाही, आणि मी देत नाही." त्याच्या टॅक्सीत पुढच्या सीटवर रोज कुणाचं ना कुणाचं लेकरू बसायचं. उस्ताने त्याला घरी बोलावलं, हातात भाकरी देऊन कुणाला न सांगायची शपथ घातली आणि सगळं सांगितलं. तालासबाय उठून किल्ली टेबलावर ठेवून गेला. कोचकोरातली सगळ्यात लांब जीभ, पण ह्या एका गोष्टीवर त्याने ती आजवर दाताखाली धरलीय, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

उस्ताची कुणी बाजू घेतली असेल तर ती एकट्या सायराकान आपाने. बाजारात कुणी उस्ताला वेडा म्हणालं की कांदे-बटाटे खाली ठेवून ती भांडायला उभी राहायची. "जिभा झडतील तुमच्या. त्या माणसाने माझा मुलगा मला परत दिलाय. लोखंड कुजकं होतं म्हणे! मग माझ्या उलारची गाडी का नाही मोडली?" बाजारवाले पुन्हा कांदे तोलायला लागायचे. हे सगळं कानावर आलं की उस्ता जेवणावरून उठायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

उलारची गाडी त्याने शेवटी कामाला घेतली. घ्यावीशीच वाटत नव्हती. बर्फ वितळून पॉप्लरला कोंब फुटले, तेव्हा एका सकाळी त्याने तिच्यावर पुन्हा टाकलेली ताडपत्री काढली, जॅक लावला आणि ग्राइंडर सुरू केला. ट्रॅक्टरचं चॅनेल लवकर दाद देत नव्हतं. ग्राइंडरच्या आवाजात फाटक उघडल्याचं त्याला कळलं नाही.

"काय हो उस्ता, माझ्या पोराची गाडी कापताय?"

सायराकान आपा सायीचं भांडं घेऊन उभी होती. दर शुक्रवारी ती काहीतरी घेऊन यायची, कधी साय, कधी तव्यावरची भाकरी. उस्ताने ग्राइंडर बंद केला.

"जुनं लोखंड काढतोय, आपा."

"आणि त्याच्या जागी?"

उस्ताने डोळ्यांवरचा चष्मा वर केला नाही. "त्याहून चांगलं घालतोय."

"हां, मग ठीक." तिने भांडं अनारकुलच्या खिडकीत ठेवलं. "पाय थोडा सुधारला की चालवेल तो पुन्हा. पुढचं नीट करा हो. मागच्या वेळेला केलंत तसंच."

आणि ती त्याच टायरवर बसली, टकळी काढली. उस्ता गाडीखाली गेला. कापताना तिच्या चपला त्याला दिसत होत्या, आणि लोकरीचं सूत खाली येताना, वर जाताना. दोन्ही चॅनेल निघाले तेव्हा त्याने ते आपल्या बाजूने ओढून ताडपत्रीखाली सरकवले, तिला दिसू नयेत म्हणून. मग बाहेर येऊन बसला. हात काळे झाले होते.

आपा उठली, झगा झटकला आणि दोन्ही तळवे उघडले. दुवा दिल्याशिवाय ती ह्या घरातून कधी गेली नव्हती.

"उस्ता, तुमच्या हातांनी माझ्या लेकराला जे दिलं," ती म्हणाली, "तेच देव तुमच्या लेकीबाळींना देवो."

अनारकुल दारात येऊन उभी राहिली होती. तिने तळवे उघडले. अंगणात नातवंडं खेळत होती, त्यांनीही खेळ थांबवून तळवे उघडले. सगळे उस्ताची वाट बघत होते, कारण घरातल्या मोठ्याने शेवटचा शब्द म्हटल्याशिवाय दुवा पुरा होत नाही. उस्ताने हात विजारीला पुसले, तळवे उघडले, आणि ओमिन म्हणाला.